भेकर कशावर येतं

ताईचा मुलगा डिसेंबरात टेक्सासहून आला होता, बारा वर्षांनी गावी, आणि आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पडवीत चहा पिता पिता मला म्हणाला, "मामा, इथे भेकराला काय घालतात रे?" भेकर म्हणजे आमच्या रानातलं लहानसं हरीण, आणि त्याला म्हणायचं होतं आमिष काय टाकतात. त्याला तिकडे हरणाच्या शिकारीचा नाद लागलाय. तिकडे लायसन्स काढून, सीझनमध्ये, ठरवून दिलेल्या आकड्यात करतात, सगळं कायदेशीर, त्यामुळे त्याच्या विचारण्यात चोरटेपणा अजिबात नव्हता. आपण गरीला कोळंबी लावू की बोंबील असं विचारतो ना, अगदी तसं विचारलं त्याने. मी तेव्हा धड उत्तर दिलं नाही. नंतर आठवडाभर देत राहिलो, थोडं थोडं, फिरता फिरता, आणि तेच इथे लिहून ठेवतोय कारण आमच्या भागात हे माहीत असलेली माणसं आता फारच थोडी उरलीत.

आधी त्याचं सांगतो. त्याच्याकडे फीडर म्हणून एक प्रकार असतो. तीन पायांवर उभं केलेलं पिंप, त्यात मका, खाली बॅटरीवर फिरणारी चकती. टायमर लावला की पहाटे आणि संध्याकाळी ठरल्या वेळेला काही सेकंद चकती फिरते आणि मका गोल उधळला जातो. हरणं तो आवाज ओळखायला लागतात म्हणे, आवाज झाला की येतात. तिकडे मक्याची पोती खास हरणासाठी म्हणून विकायला असतात. मक्याशिवाय कुणी सफरचंदं टाकतं, कुणी भाताचा कोंडा, कुणी मिठाची नाहीतर खनिजांची वीट ठेवतं. टेक्सासात आपल्या खाजगी जागेत असं खाणं टाकून शिकार करायला परवानगी आहे, पण शेजारच्या दुसऱ्या राज्यात गेलात की नियम वेगळा, कुठे पूर्ण बंदी तर कुठे अमुक जिल्ह्यातच बंदी.

मी विचारलं बंदी का? तर त्याने दोन कारणं सांगितली आणि ती दोन्ही मला लगेच पटली. एक म्हणजे पोट. हरीण रवंथ करणारं जनावर, त्याच्या पोटातले जंतू त्या त्या मोसमाच्या खाण्याला सरावलेले असतात. थंडीत काटक्या, साली, सुकलेला पाला खाऊन राहिलेल्या हरणाला एकदम ढीगभर मका मिळाला की पोटात आम्ल होतं आणि ते भरल्या पोटी मरतं. हे आपल्याला नवीन नाही. खळ्यात सुटलेली म्हैस तांदळाच्या पोत्यात तोंड घालते तेव्हा काय होतं ते इथल्या कुणालाही विचारा. दुसरं कारण रोगाचं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणतात, हरीण झिजत झिजत जातं, लाळ गळते, भान राहत नाही, आणि त्यावर औषध नाही, लस नाही. 1967 साली कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, टेक्सासात 2012 साली सापडला. लाळेतून, मुतातून पसरतो, मातीत वर्षानुवर्षं राहतो, आणि एकाच जागी रोज मका टाकला की वीस हरणं त्याच हातभर मातीत तोंड घालतात. म्हणून बंदी.

मग तो सहज म्हणाला की तिकडचे जुने शिकारी फीडरच्या भानगडीत पडत नाहीत, ते व्हाइट ओकचं झाड शोधतात. ओकच्या बिया खाली पडतात त्या हरणांना फार आवडतात, त्यातही लाल ओकपेक्षा पांढऱ्याच्या जास्त, कारण तुरटपणा कमी. एकदा त्या पडायला लागल्या की बाजूला मक्याचं पोतं फोडून ठेवलं तरी हरीण ढुंकून बघत नाही.

हे ऐकलं आणि मी उठलोच. म्हटलं चल, तुला आमचा व्हाइट ओक दाखवतो.

आमचं घर मुरूडच्या अलीकडे, समोर समुद्र आणि पाठीला लागून डोंगर. डोंगर ओलांडला की फणसाडचं रान. 1986 साली अभयारण्य झालं, त्याच्या आधी जंजिऱ्याच्या नवाबाचं राखलेलं शिकारीचं रान होतं ते, म्हणूनच एवढं टिकलं. सांबर आहे, भेकर आहे, बिबट्या आहे, शेकरू आहे आणि नशीब असेल तर पिसोरीही दिसते, सशाएवढं हरीण, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा. आमची वाडी डोंगराच्या पायथ्याला संपते तिथे गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून आंबाड्याचं एक जुनं झाड आहे. डिसेंबरात पानं झडलेली असतात आणि उघड्या फांद्यांना पिवळट हिरवे घोस लटकलेले असतात. पिकलेला आंबाडा बघा कधी जवळून, बोटाने दाबला की साल सुटते, आत जेमतेम गर आणि मग ती रेषारेषांची टणक आठळी, वास मात्र असा की दहा पावलांवरून तोंडाला पाणी सुटतं. आपण तो माशाच्या आमटीत घालतो, लोणचं घालतो. भेकर त्याच्यासाठी डोंगर उतरून येतं.

माझे आजोबा बैठकीची, म्हणजे एका जागी दबा धरून बसायची, शिकार करायचे, ठासणीच्या बंदुकीने, तेव्हा परवाने मिळायचे. 1972 चा कायदा आला आणि त्यांनी बंदूक बाजूला ठेवली ती ठेवलीच, मी त्यांच्या हातात ती कधी बघितली नाही. पण रान त्यांच्या बोलण्यातून गेलं नाही. मला खांद्यावर घेऊन फिरायचे तेव्हापासून सांगायचे की भेकराला खायला नेऊन टाकायचं नसतं, भेकर कशावर चाललंय ते ओळखायचं असतं. आणि ते महिन्यामहिन्याला बदलतं. दिवाळीनंतर आवळा आणि आंबाडा. मग बेहडा. उन्हाळ्यात उंबर, त्याचा काही भरवसा नाही, या झाडाचं आज पिकेल त्या झाडाचं पंधरा दिवसांनी, म्हणून उंबरं रोज बघत फिरावी लागतात. एप्रिल-मे मध्ये शिवणीची पिवळी फळं, त्यांचा सडा पडतो आणि त्या दिवसांत दुसरं काही हिरवं नसतं म्हणून शिवण सगळ्यात खात्रीची. आमच्याकडे काजूची बोंडं पण खातात, बागेत बी वेचून बोंडं टाकून दिलेली असतात तिथे सकाळी खूर उमटलेले असतात. पाऊस पडला की मग झाडाखाली बसून उपयोग नाही, सगळीकडे कोवळा पाला, ते कशाला येईल.

फळ पडलं म्हणजे लगेच येतं असंही नाही हं. आजोबा आधी वानरं कुठेयत ते बघायचे. वानर खातं त्याच्या दुप्पट खाली टाकतं, आणि वरून फांद्या हलल्याचा आवाज आला की भेकर खाली येऊन उभं राहतं. वानराची नजर लांबवर, बिबट्या दिसला की वरून खकरतं, म्हणजे खाणं पण मिळतं आणि राखण पण.

दुसरी गोष्ट बियांची. भाच्याला मी ही दाखवली आणि तो खरंच गुडघ्यावर बसला. भेकर आवळा किंवा आंबाडा घाईघाईत गिळतं, चावत बसत नाही, मग आडोशाला जाऊन रवंथ करतं आणि टणक बिया तिथे थुंकून टाकतं. करवंदीच्या जाळीमागे असा एक ढीग सापडला, आवळ्याच्या सहा कंगोऱ्यांच्या आठळ्या, धुतल्यासारख्या स्वच्छ, गराचा कण नाही, बाजूला लेंड्या. म्हणजे झाड तिकडे शंभर पावलांवर आणि भेकराची बसायची जागा इथे. नवी आवळ्याची रोपं पण अशाच ठिकाणी उगवतात.

आणि वारा. हे फक्त आपल्या किनाऱ्यावर चालतं. हिवाळ्यात दिवस वर आला की खारे वारे सुटतात, समुद्राकडून डोंगराकडे, ते दुपारभर आंबाड्याचा वास वर रानात नेऊन पोचवतात. त्या वेळेला झाडाखाली माणूस बसला तर त्याचाही वास वर जातो. पण रात्री वारा फिरतो, मतलई सुटते, डोंगरातून समुद्राकडे, आणि ती पहाटे चांगला उजेड होईपर्यंत असते. आजोबा संध्याकाळी कधीच जायचे नाहीत. पहाटे जायचे, झाडाच्या समुद्राकडच्या अंगाला गडग्यामागे बसायचे. आमंत्रण दिवसा वाऱ्याने दिलेलं असतं आणि पहाटे आपला वास पाठीमागे समुद्रात जात असतो. भाचा म्हणाला मामा तिकडे लोक वास मारायचे स्प्रे विकत घेतात.

आता मला जे सांगणं जड जातंय ते सांगतो. हे सगळं माहीत असून मी एकदा चूक केली. 2016 साली मी ट्रेल कॅमेरा, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घेतला आणि मला भेकराचा फोटो हवा होता, लगेच हवा होता, शिवण पिकेपर्यंत दम नव्हता. फेब्रुवारी होता. मी वाडीच्या वर, डोंगराच्या वाटेवर, रोज संध्याकाळी पिकलेली केळी, उकडलेली रताळी आणि दोन मुठी मका टाकायला लागलो. पहिल्या आठवड्यात रानडुक्कर आलं, साळिंदर आलं. नवव्या रात्री भेकराची मादी आली. फोटो मिळाला, कानाची शीर न् शीर दिसत होती. मी हरखून गेलो आणि टाकत राहिलो. महिनाभर. रोज त्याच वेळेला त्याच वाटेने मी पिशवी घेऊन वर जातोय हे सगळ्या गावाने बघितलं होतं, आणि वर काय येतंय ते पण सगळ्यांना कळलं होतं.

एका सकाळी गेलो तर वाटेवरच फासकी लावलेली होती. मोटरसायकलच्या क्लचची वायर, करवंदीच्या बुंध्याला बांधलेली. डुकरासाठी लावली असणार. त्यात ती मादी होती. गळ्यात नाही, कमरेत अडकली होती, म्हणजे लगेच जीव गेला नसणार, जमिनीवर खुरांनी उकरलेलं पूर्ण गोल वर्तुळ होतं आणि त्या वर्तुळात माझ्या केळ्याची साल पडलेली होती.

वनखात्याला कळवलं, पंचनामा झाला. वनरक्षक वयाने लहान होता, शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही फोटोसाठी केलंत मला मान्य आहे, पण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा." घरी येऊन वाचली. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 2, पोटकलम 16. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, हाकून नेणं, हे सगळं शिकार, आणि त्याच ओळीत आमिष दाखवणं पण. तसा प्रयत्न करणं पण. मी बंदुकीला हात लावला नव्हता, आणि तरी ती मादी त्या वाटेवर माझ्यामुळे यायला लागली होती. मी आणून टाकलेलं खाणं नसतं तर ती त्या दिवसांत वर बेहड्याखाली असती, तिथे कुणी फासकी लावायला गेलं नसतं. झाडं विखुरलेली असतात, दिवस पुढेमागे होतात, म्हणून भेकर रोज एका जागी सापडत नाही, आणि तीच त्याची राखण असते. ती मी काढून घेतली.

त्यानंतर मी रानात काही टाकलेलं नाही. आंबाड्याच्या फांद्या मात्र लावल्या, आमच्याच वरच्या जमिनीत, सात, एकमेकींपासून लांब लांब. दोन शिवणी आणि चार आवळे पण लावले, एक आवळा मेला. आंबाड्याला बियांपासून फार वेळ लागतो, फांदी लावली की लवकर धरतो. सातातल्या पाचांना आता फळ येतं. आणि डिसेंबर ते मे दर आठवड्याला काठी घेऊन वाटा चाळतो, फासकी सापडली की सोडवून वनरक्षकाकडे देतो.

भाच्याला जायच्या आदल्या दिवशी पहाटे पाचला उठवलं. गडग्यामागे बसलो, मतलई पाठीवर नाही, तोंडावर, डोंगरातून येणारी, थंडगार. अंधारात आंबाडे पडत होते, टप्प, मग बराच वेळ काही नाही, मग परत टप्प. साडेसहाला दिसायला लागलं तेव्हा नर भेकर आधीच झाडाखाली उभा होता, कधी आला कळलंच नाही. कपाळावर त्या काळ्या दोन रेघा, त्यावर वीतभराची शिंगं. प्रत्येक फळ आधी हुंगायचा. किडकं सोडून द्यायचा. चांगलं असलं की जीभ बाहेर काढून ओढून घ्यायचा, एकदा मान वर, कान फिरवून घेतले, मग पुढचं. भाचा बोटांवर मोजत होता, चौदा झाली. मग वर कुठेतरी वानर खकरलं आणि तो भुंकत, अगदी कुत्र्यासारखा भुंकत, दोन उड्यांत करवंदीत गेला.

घरी येईपर्यंत भाचा काही बोलला नाही. नंतर विचारलं की हे झाड टेक्सासात होईल का. मी म्हटलं गोठणारी थंडी पडते तिथे नाही टिकणार, तू तिकडचा ओक लाव.

आंबाड्याच्या फांद्या मे महिन्याच्या शेवटी काढायच्या, पहिल्या पावसाच्या आधी. मनगटाएवढी जाड, साधारण कमरेएवढी लांब, खालचं टोक तिरकं छाटायचं आणि दोन दिवस सावलीत सुकू द्यायचं, मग हातभर खड्डा. यंदा माझ्याकडे दहाबारा निघतील. डोंगराला लागून स्वतःची जमीन असलेल्या कुणाला हव्या असतील तर कमेंटमध्ये सांगा, बाजूला ठेवतो.