डाव्या वळणावर विझणारा दिवा

माझ्या लघुरेल्वेच्या छोट्या डिझेल इंजिनाचा पुढचा दिवा सरळ रुळांवर नीट जळत असे आणि डाव्या वळणावर हमखास विझत असे. हे दोन आठवडे डोळ्यांसमोर दिसत असूनही दोष बल्बातच असणार असे मी धरून चाललो आणि तिथेच फसलो.

इंजिन एचओ मापाचे, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या १/८७ आकाराचे असून ते १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर, जास्तीत जास्त १२ व्होल्ट डीसीवर चालते. हा नाद मला कोथरूडमधील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाने लावला.

वरचे कवच काढून बल्ब ओढला, तेव्हा त्याची केसाएवढी बारीक तार मुळाशीच तुटली. बल्ब तोपर्यंत चांगला होता, हे मागाहून समजले. मग वायर सलग आहे का ते बीप वाजवून सांगणारा मल्टीमीटर घेतला. दिव्याची वायर पुढच्या बोगीवरील, म्हणजे चाकांच्या फिरत्या सांगाड्यावरील, पितळी पट्टीला जोडलेली होती. दोन्ही टोकांना त्याच्या सुया, म्हणजे प्रोब, लावताच बीप वाजला; मात्र बोटाने बोगी डावीकडे वळवली, तशी तो बंद पडला. बाहेरचे प्लास्टिक शाबूत होते, आतील तांब्याचे धागे तुटले होते. आधी कोणीतरी सढळ हाताने सोल्डर केल्यामुळे तो जोडाचा वितळलेला धातू वायरीत वर चढून तेवढा भाग काडीसारखा ताठ झाला होता, आणि प्रत्येक वळणावरचा सगळा ताण त्या ताठ भागाच्या कडेवर येत होता. मोटरीला मागच्या बोगीकडूनही वीज मिळत असल्याने इंजिन मात्र बिनतक्रार धावत राहिले.

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जाऊन वॉर्म व्हाइट एलईडी, प्रवाह मर्यादेत ठेवणारा एक किलोओहमचा रेझिस्टर, एकाच दिशेने वीज जाऊ देणारा १एन४१४८ डायोड आणि मऊ, बारीक वायर मागितली. दुकानदार काका म्हणाले, "रेझिस्टर एकच नेताय? दहा न्या, एखादा हरवतोच." त्यांचे ऐकले, आणि घरी पहिला रेझिस्टर फरशीवर पडला तो अजून सापडलेला नाही.

पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट राहतात. उरलेले ९ व्होल्ट एक किलोओहमच्या रेझिस्टरवर पडले की प्रवाह ९ मिलिअँपिअर होतो आणि तेवढा या दिव्याला पुरतो. इंजिन मागे न्यायचे असेल, तर रुळांवरील धन-ऋण उलट करावे लागते, आणि उलटा विद्युतदाब अशा एलईडीला बहुधा ५ व्होल्टपर्यंतच सोसतो. म्हणून डायोड एलईडीला समांतर, पण उलट्या दिशेने जोडला, म्हणजे उलटा प्रवाह त्यातूनच निघून जातो.

सोल्डर करताना वायरीच्या टोकाला आधी पातळ कल्हई दिल्यासारखे सोल्डर लावून घेतले आणि पट्टीवर तापलेले सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवले नाही, कारण पट्टीखालचे प्लास्टिक लगेच वितळते. पहिल्या प्रयत्नात त्याचा एक कोपरा वितळलाच. उघड्या जोडांवर वीजरोधक नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवली आणि बोगीजवळ वायरीचा एक सैल वळसा ठेवला, जेणेकरून बोगी कुठेही वळली तरी ताण जोडावर येणार नाही.

कवच बसवण्यापूर्वी इंजिन डाव्या वळणावरून वीस फेऱ्या फिरवले. दिवा एकदाही लुकलुकला नाही. मागचा दिवा अजून जुन्या पिवळ्या बल्बाचाच आहे, पण तो चालू असेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.