अर्जात 'स्मारक' लिहिलं आणि चौदा महिने गेले

अपघातात गेलेल्यांच्या आठवणीचा एखादा दगड गावात बसवायचा असेल तर आधी एवढं ऐका: अर्जात 'स्मारक' हा शब्द घालू नका. आम्ही घातला.

22 जून 2003 च्या रात्री कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीतली जादा गाडी वैभववाडीजवळ, बोगद्याच्या तोंडाशी, रुळांवर आलेल्या दरडीवर आदळून घसरली. पन्नासहून जास्त माणसं गेली. माझा धाकटा काका त्यात होता. काकी दर 22 जूनला दारात दिवा लावते. वीस वर्षं झाली तेव्हा म्हणाली, "रस्त्याकडेला एक दगड तरी बसवा रे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे."

रुळाजवळचा विचार लगेच सोडला, रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना जाणं गुन्हा आहे. ग्रामसभेने एकाच बैठकीत ठराव केला, ग्रामपंचायतीने स्वतःची जागा दिली. मग फाइल तालुक्याला गेली.

त्या टेबलावर 'स्मारक' वाचलं गेलं आणि आमच्या अर्जाला पुतळ्यांची नियमावली लागू झाली. पहिलं त्रुटीपत्र आलं: क्ले मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता जोडा. दोन किलोमीटरच्या आत त्याच व्यक्तीचा पुतळा नसल्याचा दाखला जोडा. पोलिसांचं ना हरकत आणा. मी गेलो, सांगितलं, पुतळा नाही हो, तीन फुटी दगड आहे. साहेबांनी रकान्यावर बोट ठेवलं, "व्यक्तीचं नाव लिहा." म्हटलं, व्यक्ती पन्नासवर आहेत. "मग कोणाचं स्मारक? एक नाव लिहा." काकाचं नाव लिहिलं असतं तर कदाचित फाइल हलली असती. नाही लिहिलं. त्या रात्री गेलेले सगळे आमचेच होते, त्यातून एकाला उचलून वर काढायचं कसं?

दुसरं त्रुटीपत्र पहिल्यासारखंच, फक्त तारीख नवी. तिसऱ्या वेळी कळलं, फाइल दुसऱ्या टेबलावर गेली आहे आणि तिथले साहेब रजेवर आहेत. पावसात एसटीने दोन तास जायचं आणि 'पुढच्या आठवड्यात या' ऐकून परतायचं. एका खेपेला काकी सोबत होती. बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन तीन तास बसली आणि शेवटी मलाच म्हणाली, "राहू दे रे, मी दिवा लावते तेवढं पुरे." तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

मार्ग काढला तो माहिती अधिकाराने. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि एवढंच विचारलं: माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर आहे आणि साध्या दगडी पाटीला पुतळ्याचे नियम कोणत्या आदेशाने लागतात? उत्तराची मुदत तीस दिवसांची. पंचविसाव्या दिवशी फोन आला, "अर्ज नव्याने द्या, 'बसण्याचा कट्टा व दगडी पाटी' असं लिहा." दिला. अकरा दिवसांत परवानगी हातात.

हो, एक राहिलं. प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच. माझ्याकडे तो नसता तर माहिती अधिकारात विचारायला काही उरलं नसतं. ठरावाच्या सही-शिक्क्याच्या तीन प्रती सुरुवातीलाच काढा.

दगडाचंही सांगतो. जांभ्यावर अक्षरं टिकत नाहीत, दोन पावसाळ्यांत बुजतात. कट्टा चिऱ्यांचा बांधा, पाटी काळ्या दगडाची घ्या. पाथरवटाला मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात द्या, फोनवरून सांगू नका. आमच्या पाटीवर 'कारवार'चं 'करवार' होता होता राहिलं. काम वैशाखात उरका, मृग लागला की सिमेंट सुकत नाही.

पाटीवर तारीख आहे, गाडी कुठून कुठे जात होती ते आहे आणि खाली एक ओळ: 'जे पोचले नाहीत त्या सर्वांसाठी'. या 22 जूनला पाऊस होता. काकीने दिवा कट्ट्यावर ठेवला आणि विझू नये म्हणून तासभर त्यावर छत्री धरून बसली.