आमची वाटचाल : आधी नेक, मग पिकअप

आमचं काम सुरू झालं इलेक्ट्रिक गिटारच्या दुरुस्तीच्या टेबलावर. विक्री मागाहून आली. म्हणून आजही गिटार घेताना आम्ही तिच्याकडे पाहतो ते पाच वर्षांनी ती दुरुस्तीला येईल तेव्हा काय दिसेल, या हिशोबाने. मेपल लाकडाची नेक (गिटारची लांब मान) आणि सिंगल कॉइल पिकअप (तारेची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा, एकाच गुंडाळीचा चुंबकी भाग), म्हणजे फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर-स्ट्रॅटोकास्टर गिटारींचं घराणं, हे आमचं मुख्य काम.

सुरुवातीला आमचा भर पिकअपवर असायचा. आता क्रम उलटा आहे. पिकअप अर्ध्या-पाऊण तासात बदलता येतो, पिळलेली नेक मात्र सरळ होत नाही. हेडस्टॉककडून (तारांच्या खुंट्या असलेल्या टोकाकडून) बॉडीकडे नजर लावून दोन्ही कडा बघायच्या. एक सरळ आणि दुसरी वाकडी दिसली की ती गिटार परत. मग पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून, सहावी म्हणजे सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून, आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट मोजायची. ०.२५ मिमीच्या आसपास हवी. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक जुळवणारी आतली सळई, एका वेळी पाव वळणच फिरवायचा. त्याचं नट आधीच शेवटपर्यंत कसलेलं असेल, तर स्वस्तात मिळाली तरी आम्ही ती घेत नाही. पन्नाशीच्या दशकातल्या घडणीवर बेतलेल्या गिटारींत हे नट बॉडीच्या टोकाला असतं. तिथे प्रत्येक वेळी नेक उतरवायची तयारी ठेवा.

मेपलच्या फ्रेटबोर्डवर (फ्रेट बसवलेल्या नेकच्या दर्शनी भागावर) लॅकर, म्हणजे संरक्षक लेप, असतं. ते झिजलं की घामाने लाकूड काळवंडतं. लिंबाचं तेल इथे कामाचं नाही, कोरडं फडकं पुरे. खरा खर्च फ्रेट बदलताना येतो, कारण बोर्डवर लॅकर पुन्हा मारावं लागतं आणि रोजवूड लाकडाच्या बोर्डपेक्षा बिल वाढतं. भरपूर बेंड घेणाऱ्याला (तार बोटाने ताणून सूर चढवणाऱ्याला) म्हणूनच आम्ही हळू झिजणारे स्टेनलेस स्टीलचे फ्रेट सुचवतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि बोटाला कानशीसारखी लागतात. हा दोष नाही. टोकं घासून घेतली की झालं. मेपलमुळे आवाजात ‘चमक’ येते म्हणतात, पण आमच्या मते तारा आणि पिकअपची उंची त्याहून जास्त बोलते.

पिकअपची उंची अशी : तार शेवटच्या फ्रेटवर दाबून, तार आणि पिकअपमध्ये जाड तारांच्या बाजूला सुमारे २.४ मिमी, पातळ बाजूला २ मिमी. याहून जवळ नेलं तर चुंबक तारेला ओढतं, सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर दुहेरी सूर येतो, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) काही केल्या जुळत नाही, आणि दोष बिचाऱ्या नेकवर जातो. जुन्या पद्धतीच्या पिकअपचा रोध मल्टिमीटरवर साधारण ५.५ ते ६.५ किलोओहम दिसतो. शून्य किंवा अनंत दिसलं तर वायरिंग किंवा कॉइल गेली.

सिंगल कॉइल म्हटलं की ५० हर्ट्झची घरघर आलीच. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर ग्राउंड (अर्थिंगची जोडणी) ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजची (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाची) ग्राउंड वायर सुटली असेल. उलट वाढली, तर केबल लावायच्या जॅकच्या दोन वायरी अदलाबदल झाल्यात. तीन पिकअपच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवांचा असेल तर स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या जागी, म्हणजे दोन पिकअप एकत्र वाजतात तिथे, घरघर जवळजवळ मावळते.

हे सगळं करूनही ब्रिजजवळचा पिकअप एकटा वाजवताना ती उरतेच. म्हणून गिटार विकताना अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (संकेत वाढवण्याचं प्रमाण) पूर्ण वाढवून तोच आधी ऐकवतो. ऐकून कपाळावर आठी पडली, तर हंबकरवाली (घरघर मारणाऱ्या दुहेरी कॉइलच्या पिकअपची) गिटार काढतो.