धुऱ्यावरचा पाहुणा लाइव्हमध्ये

घाटंजीतला आमचा स्टुडिओ म्हणजे कृषी केंद्राच्या वरची एक खोली: दोन कॅमेरे, एक जुना मिक्सर, भिंतींना टांगलेल्या गोधड्या. कपाशीवरच्या बोंडअळीच्या दिवसांत कास्तकारांसाठी यूट्यूबवर लाइव्ह करायचं ठरलं. अकोल्याहून एक कीटकशास्त्रज्ञ, थेट शेतातून एक कास्तकार.

चित्र लवकर जमलं. झूमच्या फुकट मीटिंगला चाळीस मिनिटांची मर्यादा, आमचा कार्यक्रम तासाभराचा. म्हणून व्हीडीओ निंजा ही वेबसाइट घेतली. पाहुण्याला लिंक पाठवायची, त्यानं ती क्रोममध्ये उघडली की ओबीएस या लाइव्ह करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्राउझर सोर्स म्हणून तो दिसतो. ॲप नको, खातं नको.

आवाजानं मात्र घाम काढला. तालमीत अकोल्याच्या कीटकशास्त्रज्ञ सरांना त्यांचंच वाक्य क्षणभरानं कानात परत ऐकू येई. बोलता बोलता ते अडखळत आणि थांबत. मिक्सरचा पूर्ण आवाज परत पाठवला की असंच होतं. पाहुण्याला सगळं जायला हवं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. यालाच मिक्स-मायनस म्हणतात. मिक्सरमधून निवडक आवाज वेगळा बाहेर पाठवायची वाट म्हणजे ऑक्स. निवेदिकेच्या चॅनेलवर ऑक्सचं बटण वर, सरांच्या चॅनेलवर पार शून्यावर, आणि ऑक्स आउटची वायर यूएसबी साउंड कार्डातून लॅपटॉपला. सरांचा घोळ तिथंच मिटला. दुसरा पाहुणा आला की त्याचा ऑक्स वेगळा, आणि आमच्याकडे लॅपटॉपही वेगळा. व्हीमिक्स या सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप होतं म्हणे, पण पैसे मोजावे लागतात.

आवाज उशिरा पोचण्याला मात्र इलाज नाही, सवयच लावावी लागते. मोबाइल नेटवर अर्धा सेकंद सहज जातो. आमच्या निवेदिकेला मध्येमध्ये ‘हो हो, बरोबर’ म्हणायची खोड. तिकडे तो हुंकार उशिरा पोचायचा आणि सर वाक्य तोडायचे. आता ती नाव घेऊन प्रश्न विचारते आणि मान हलवते, बस्स.

शेतातल्या काकांना आधीच सांगून ठेवलं: फोन आडवा, वायरचाच इयरफोन, आणि यूट्यूबवर आपलाच कार्यक्रम उघडायचा नाही. ब्लूटूथचा माइक चालू झाला की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. मध्येच कुणाचा फोन आला तर माइकच जातो, म्हणून येणारे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले.

‘आवाज येऊन राह्यला का भाऊ?’ म्हणत काका पऱ्हाटीत उभे राहिले, मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारा कामगंध सापळा कॅमेऱ्यासमोर धरला. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले तर फवारणीची वेळ आली, असं सर सांगत होते आणि काकांचं चित्र गोठलं. आम्ही त्यांचा आधीच मागवलेला फोटो लावला आणि दुसऱ्या नंबरवर साधा फोन लावून तो आवाज मिक्सरमध्ये घेतला. उरलेला कार्यक्रम फोटोवरच झाला. चित्र का गेलं, असं कमेंटमध्ये कुणी विचारलं नाही. सगळे एकच विचारत होते, औषधाचं नाव पुन्हा सांगा.