आढावा

भाच्यानं परवा व्हॉट्सअ‍ॅपवर प्रचाराचा एक फोटो पाठवला. टेबलावर वाकलेले साहेब, कपाळावर आठ्या, बोट उघड्या नोंदवहीवर, आणि खाली जाड अक्षरांत ‘संकटातही स्थिर, खंबीर नेतृत्व’. ‘मामा, हे तुमचंच ऑफिस ना?’ ऑफिस माझंच. फोटोच्या डाव्या कडेला कापला गेलेला चौकटीच्या शर्टाचा हातही माझाच.

साहेबांचं नाव, पद, साल काहीच सांगणार नाही. निवृत्त झालोय, पेन्शन सुखानं खायचीय. दिवस तेवढा सांगतो.

पाटबंधाऱ्यात शाखा अभियंता होतो आणि पावसाळ्यात पूर नियंत्रण कक्षात पाळी लागायची. ऑगस्टचा दिवस होता. धरणाच्या वरच्या अंगाला, त्र्यंबकला आणि तिथल्या आंबोलीला, रात्रभर कोसळत होता. नाशिकमध्ये पूर मोजायचं माप एकच, गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. सकाळी पाणी गुडघ्याला, अकराला कमरेला, दुपारी छातीला. होळकर पुलावर बघ्यांची जत्रा. फोन करणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, ‘मारुती बुडणार का?’ क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, वगैरे आमचं आम्हाला.

दोनच्या सुमारास साहेब आले, मागे पंधरा माणसं. पायातला चिखल थेट माझ्या नकाशावर. पहिली दोन मिनिटं ‘तुम्ही’ होतं. तेवढ्यात सराफ बाजारातून त्यांना फोन आला. फोन ठेवला तो ‘तू’वर येऊनच.

‘गेट बंद कर. दुकानांत पाणी शिरायला आलंय.’

‘साहेब, पाच मिनिटं ऐकून घ्या,’ म्हणालो आणि कागद ओढला. शहराच्या वरचं गंगापूर धरण ५,६३० दशलक्ष घनफुटांचं. भरलंय ८५ टक्के, म्हणजे शिल्लक जागा साधारण ८४५. वीस हजार क्युसेकनं आवक चालू आहे असं धरलं, तर ताशी ७२ दशलक्ष घनफूट पाणी आत येतं. आत्ता गेट बंद केलं तर पहाटे दोनच्या आत धरण काठोकाठ. मग जे सोडावं लागेल ते अंधारात, लोक झोपलेले असताना आणि आत्तापेक्षा किती तरी जास्त. शिवाय धरण मातीचं. दगडी धरणावरून पाणी गेलं तर एक वेळ निभावतं. मातीच्या धरणावरून गेलं की माती धुपत जाते आणि मग सगळंच खाली येतं.

‘मला गणित शिकवतो?’ एवढंच उत्तर आलं. टेबलावर मूठ आपटली, चहाचा कप लवंडला. फोटो नेमका त्या क्षणाचा आहे. नोंदवहीवरचं बोट आकडा वाचत नव्हतं, ‘इथं लिही, मी सांगितलं म्हणून’ असं म्हणत होतं.

ओरडण्याचं मला फार वाटलं नाही. आमचे एक कार्यकारी अभियंता तर बोलायला लागले की भिंतीवरची पाल पळायची, पण आकडा समोर आला की त्या क्षणी गप्प. आणि पुराच्या दिवशी कोणाचा आवाज चढत नाही?

खरी भीती पुढच्या वीस मिनिटांत वाटली. नदीच्या खालच्या अंगाच्या सायखेड्याकडून कोणाचा तरी फोन आला, आमच्याकडे पाणी वाढतंय. साहेबांचा हुकूम आणखी कडक, एक थेंब सोडायचा नाही. मग बरोबरच्या एका कार्यकर्त्यानं कानाशी लागून सांगितलं, मातीचं धरण फुटू शकतं म्हणतात. मीच दहा मिनिटांपूर्वी तेच सांगितलं होतं. पण आता चेहरा पांढरा पडला आणि हुकूम उलटा फिरला, ‘सगळी गेटं उघड. एकदम. आत्ता!’

एकदम सगळी उघडली असती तर गोदाघाटावर दोरखंड बांधून टपऱ्या काढणारी माणसं तिथेच वाहून गेली असती. विसर्ग टप्प्याटप्प्यानं वाढवायचा, आधी खाली कळवायचं, भोंगा वाजू द्यायचा, हे त्यासाठीच असतं. बंद करा आणि उघडा, दोन्ही हुकूम सारखेच जीवघेणे, आणि दोन्ही एकाच माणसाचे, एकाच खात्रीनं दिलेले. शेवटचा फोन ज्याचा, निर्णय त्याचा. आजवर कोणाला सांगितलं नाही, पण त्या ‘एकदम’ शब्दाला माझा हात वायरलेसकडे गेला होता. बत्तीस वर्षांची नोकरी अशा वेळी अंगातून कशी निघून जाते कोण जाणे. शेजारच्या पोरसवदा कनिष्ठ अभियंत्यानं तो हात धरला आणि साहेबांना म्हणाला, ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो, साहेब.’ साहेब तोवर चौथ्या फोनवर होते.

लोकसभेला उभं राहायला २५ वर्षं पूर्ण लागतात. मालमत्ता सांगावी लागते, गुन्हे सांगावे लागतात. मनाबद्दल अट एकच, कोर्टानं वेडं ठरवलेलं नसावं. माणूस भडकू असेल, घाबरट असेल, शेवटच्या फोनचा असेल, ते अर्जात कुठे विचारत नाहीत. ते मतदारानं ओळखायचं. माझे वडील १९६३ची आठवण सांगायचे, चीनच्या लढाईनंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि नाशिकनं त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. ‘मुख्यमंत्री म्हणून त्यांना बघितलं होतं रे,’ वडील म्हणायचे. साहेबांना मतदार असं कुठे बघणार? बघतो ते आमच्यासारखे, बंद खोलीत. आणि मग आम्ही काय करतो ते सांगतो.

साहेब गेल्यावर वरिष्ठांचा फोन आला. मी सगळं सांगितलं, मूठ, कप, बंद, उघड. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘नोंद सांभाळून करा.’ संध्याकाळी मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं आणि सराफ बाजारात शिरलंच. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला, खाली ओळ होती, पूरस्थितीचा आढावा घेताना साहेब. त्यात वार्ताहराचा दोष नाही. आदल्या रात्री त्यानं माझी नोंदवहीच बघून घेतली होती. चहाचा डाग पडलेल्या पानावर माझ्याच अक्षरात होतं:

१४.०० – आवक वाढती. विसर्ग कायम.

१४.४० – मा. साहेबांनी कक्षास भेट देऊन आढावा घेतला. मौलिक सूचना केल्या.

१५.०० – विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढविण्यास सुरुवात.