पावसाविना निघालेली वारी

2023 साली आषाढीची वारी कोरडीच निघाली. 11 जूनला आळंदीतून माउलींचं प्रस्थान झालं, त्याच दिवशी मान्सून रत्नागिरीपर्यंत पोचल्याची बातमी आली आणि आम्हा सगळ्यांना वाटलं, आता दिवे घाट भिजतच चढायचा. पण अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ उठलं होतं, त्यानं पावसाचं सगळं गणित बिघडवलं. मान्सून तिथंच थबकला. आमच्या वाट्याला आली ती नुसती दमट हवा, मळभ, आणि मळभ फाटलं की चटके देणारं ऊन.

वारकऱ्याच्या पिशवीत पावसाची तयारी असते. प्लास्टिकचा कागद असतो, बदलायला जादा कपडे असतात. उन्हासाठी फारसं काही नसतं, कारण ज्येष्ठ सरता सरता ऊन उतरलेलं असणार, हे आपण धरूनच चालतो.

पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा, 30 किलोमीटरच्या आसपास. त्यात त्या दिवशी योगिनी एकादशी, म्हणजे बहुतेकांना उपवास. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं पुढे जाते आणि आपण सासवडच्या वाटेला लागतो. वडकीच्या विसाव्याला पोचेपर्यंत माणूस अर्धा झालेला असतो, आणि घाट तर अजून पुढेच असतो. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात ते बघायला लोक डोंगरावर चढून बसतात. मला त्या दिवशी बैलांच्या तोंडाचा फेस दिसत होता. वाऱ्याची झुळूक नाही, पुढे-मागे माणसंच माणसं, एकाच्या अंगाची वाफ दुसऱ्याला लागतेय. पोलकं पाठीला चिकटलेलं, घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरतोय, टाळ हातातून निसटू बघतोय.

कोरड्या उन्हात घाम येतो, वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेतच ओल भरलेली असली की तो वाळत नाही, नुसता वाहतो. पाणी जातं, मीठ जातं, अंग मात्र थंड होत नाही. म्हणून पारा फार चढलेला नसला तरी जीव घाबरा होतो, आणि "आज काय एवढं ऊन नाही" म्हणणारी माणसंच दुपारी खाली बसतात.

माझ्या ओळीत परभणीकडच्या एक आजी होत्या, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या. "ऊन आमच्याकडं याहून लई आसतंय, पर ह्ये गदगदणं सोसंना बाई," असं त्या दर विसाव्याला म्हणायच्या. त्यांच्या चंचीत सुपारीच्या जोडीला मीठ-साखरेची पुडी असायची. एकादशीला त्यांना साधं मीठ चालत नाही म्हणून त्या दिवशी सैंधव. बसलं की आधी पुडी सोडायची, चिमूटभर जिभेवर ठेवायची, वर घोटभर पाणी प्यायचं. बोटांच्या टोकांना चिकटलेले खडे त्या पदराला पुसत नसत, चाटून घेत. डॉक्टर सांगतात ते तरी काय वेगळं आहे? एक लिटर पाण्यात चहाचे सहा छोटे चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. उपवासाच्या दिवशी आधीच मीठ पोटात कमी जातं. वर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, मग मळमळ, गरगरणं. वाटेवर बिस्किटं आणि केळी मुबलक मिळतात, देणाऱ्यांचे हात थकत नाहीत. त्याच प्रेमानं कुणी मीठ घातलेलं लिंबूपाणी पिंपभर ठेवलं, तर घाटात बसकण मारणारी कितीतरी माणसं चालती राहतील.

वारीत बायका पाणी कमी पितात. तहान लागत नाही म्हणून नाही, जायला जागा नसते म्हणून. मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं असतात, त्यांनी फार मोठी सोय झाली आहे. पण दोन विसाव्यांच्या मध्ये, लाखोंच्या गर्दीत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघडं रान असताना बाईनं काय करायचं? मग ती पहाटे अर्धा कप चहा घेते आणि मुक्कामापर्यंत फक्त ओठ ओले करते. संध्याकाळी डोकं ठणकतं, लघवीला जळजळ होते, पायांत गोळे येतात, आणि सगळं चालण्याच्या थकव्यावर ढकललं जातं. मांड्या घासून सोललेल्या असतात, तेही कुणी बोलत नाही. रात्री राहुटीत एकमेकींना खोबरेल तेलाची बाटली सरकवली जाते, एवढंच. राहुटीत तरी कुठला वारा! घाम टिपत कूस बदलत राहायचं, तोवर पहाटेची हाक येते.

जेजुरी सोडून वाल्ह्याकडे जाताना आमच्या दिंडीतला एक तरुण टाळकरी ओळीतून बाहेर पडू लागला. धडधाकट पोरगा. अभंगाचं चरण चुकायला लागला, नाव विचारलं तर भलतंच बोलला. अंग भट्टीसारखं, आणि घाम तरीही चालूच. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत फार घातक आहे. चालून चालून आलेल्या उष्माघातात घाम थांबेलच असं नाही. माणूस बरळायला लागला की वेळ दवडायचा नाही. आम्ही त्याला टँकरच्या सावलीत निजवलं, सदरा काढला, मानेवर, काखेत, जांघेत ओले पंचे ठेवले, अंगावर पाणी ओतत राहिलो आणि पुठ्ठ्यांनी वारा घातला. कुणीतरी तोंडात पाणी घालायला धावलं, त्याला विणेकऱ्यांनी अडवलं. शुद्ध धड नसताना पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. 108 ची गाडी येईपर्यंत पंचे बदलणं थांबवलं नाही. लोणंदच्या मुक्कामी तो परत आला आणि पुढे दिंडीच्या ट्रकमध्ये बसून पंढरीला पोचला.

पालखी मार्ग आता चौपदरी होतो आहे, 8 नोव्हेंबर 2021 ला त्याचं भूमिपूजन झालं. रुंद रस्त्याची गरज होतीच. पण रुंदीकरणात जुने वड गेले, चिंचा गेल्या, आणि काँक्रीटवरून दुपारी वर येणारी धग पायताणातूनही कळते. ज्या झाडाखाली आमची आख्खी दिंडी टेकायची, तिथं आता दुभाजक आहे. नवी रोपं सावली द्यायला वीसेक वर्षं घेतील. तोवर निदान विसाव्यांवर हिरव्या जाळीचे मांडव घाला, असं मी भेटेल त्या सरपंचाला सांगत असते.

25 जूनला मान्सून मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला, 1961 नंतर पहिल्यांदाच. तोवर आमची बहुतेक वाट सरली होती. आमच्या दिंडीनं मात्र दुसऱ्या वर्षीपासून भिशीत, म्हणजे दिंडीच्या जेवणखर्चाच्या वर्गणीत, थोडे पैसे वाढवून टँकरच्या मागच्या बाजूला दोन कनातींचा आडोसा केला. प्रत्येक विसाव्याला आधी तो उभा राहतो, मग चहाची चूल पेटते. परभणीच्या आजी आता तांब्या भरून घेतात आणि पुरता रिकामा करूनच खाली ठेवतात.