तुटलेला डिरेलर आणि सपाट टोपाथ

दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला की अमेरिकेतल्या सी अँड ओ कॅनॉलच्या टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या जुन्या वाटेवर, पंक्चरपेक्षा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारी मागची यंत्रणा) जास्त तुटतात. सिकमोर आणि मेपलच्या काटक्या वाटेवर पडून चिखलात अर्ध्या रुतलेल्या असतात. पुढचं चाक काटकीचं एक टोक दाबतं, दुसरं उडतं आणि मागच्या चाकाचे आरे व डिरेलरचा पिंजरा यांच्या मधे जाऊन अडकतं. नुसती ‘टकटक’ ऐकू येते तोवर काही बिघडलेलं नसतं. पायडल मारणं त्या क्षणी थांबवून ब्रेक लावला तर काटकी हाताने निघते. बहुतेक जण आणखी अर्धा फेरा मारून पाहतात. तेवढ्यात अख्खा डिरेलर वर खेचला जातो आणि तो फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, तुटतो. फ्रेम वाकू नये म्हणून हँगर मुद्दामच मऊ ॲल्युमिनियमचा केलेला असतो. पण प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा, त्यामुळे माझ्या पेटीत दहा हँगर असले तरी समोरच्या सायकलला अकरावाच लागतो.

मेरीलँडमध्ये या वाटेवरच्या सायकलवाल्यांना गाडीने सोडायचं आणि कुठे काही मोडलं तर जाऊन दुरुस्त करायचं, हे माझं काम. त्या दिवशी व्हर्जिनियात राहणाऱ्या चार मराठी माणसांना सकाळी हॅन्कॉकला सोडलं होतं. त्यांची गाडी कंबरलँडला, मधला मुक्काम पॉ पॉ या गावात. दुपारी एसएमएस आला: ‘मैल १४४.५, डेव्हिल्स ॲली. मागचा गिअर निखळला. सगळे ठीक.’ निरोप असा हवा. त्या पट्ट्यात फोन लागत नाही, पण एसएमएस कधीतरी सुटतो, आणि दर मैलाला खांब असल्याने जागा नेमकी कळते. मैलांचे आकडे जॉर्जटाऊनपासून सुरू होऊन कंबरलँडला १८४.५ वर संपतात.

हॅन्कॉकपासून लिटल ऑर्लिन्स गावापर्यंत चौघे डांबरी रेल ट्रेलने, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेने, आले होते. ती कॅनॉलला समांतर जाते आणि पावसानंतर तीच घ्यावी. चिखल सुरू होतो तो तिथून पुढे. गाडी तिथे लावून मी टोपाथने साडेतीन मैल आत गेलो. टायर ४० मिलिमीटरचे, हवा ४० पीएसआय. याहून टणक ठेवली तर चाक गाळात सरकतं. वाटेत दोनदा थांबून मडगार्डमधला गाळ काटकीने काढावा लागला. मडगार्ड आणि टायरमधे दोन बोटं जागा नसेल तर या मातीत चाक जाम होतं.

मोडलेली सायकल चौघांतल्या काकांची होती. हँगर बरोबर मधे तुटलेला, डिरेलर चेनला लोंबकळत होता, दोन आरे वाकलेले, पण चाक फिरत होतं.

“काका, गाडीत टाकू की चालवणार?”

“चालण्यासारखी होत असेल तर चालवतो. पण गिअर एकच राहणार ना?”

“एकच. या वाटेला तेवढा पुरतो.”

हे धीर द्यायला म्हटलं नव्हतं. कॅनॉलचं पाणी दोन लॉकच्या (बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणाऱ्या, दारं असलेल्या हौदांच्या) मधे सपाटच लागतं, म्हणून बोटी ओढणाऱ्या खेचरांची ही वाटही सपाट. १८२८ मध्ये काम सुरू झालं, १८५० ला कॅनॉल कंबरलँडला पोचला. २९७ किलोमीटरमध्ये एकूण चढ ६०५ फूट, आणि तो ७४ लॉकमध्ये वाटलेला. एका लॉकला साधारण ८ फूट. म्हणजे चढ येतो तो लॉकशेजारच्या छोट्या चढणीवर, पन्नास पावलांत संपतो. तिथे सायकल हाताने ढकलली तरी काही जात नाही.

चेन टूलने चेन सोडवली, डिरेलर काढून पिशवीत टाकला, गिअरची वायर गुंडाळून फ्रेमला बांधली. पुढे ३० दात्यांची चकती, मागे १९ दात्यांची, कारण त्या दोन जवळजवळ एका रेषेत येत होत्या. रेष तिरकी असली की डिरेलरशिवायची चेन शेजारच्या मोठ्या चकतीवर चढते, ताणली जाते आणि तुटते. चेन एका वेळी एक इंचानेच कमी करता येते, आतली आणि बाहेरची कडी मिळून. १९ वर ती फार सैल राहिली, एक इंच काढला तर बसेना. मग मागची चकती बदलून २१ ची घेतली. दोन दात्यांनी सुमारे अर्ध्या इंचाचा फरक पडतो. आता मधोमध बोटाने दाबल्यावर सेंटीमीटरभर हलत होती. एवढी ढील हवीच. चेन जोडणारी कडी, म्हणजे क्विक लिंक, त्यांच्याच दहा-स्पीडची घातली, नऊची किंवा अकराची चालत नाही. काकांना दोनच गोष्टी सांगितल्या: उभं राहून पायडल मारायचं नाही, आणि उलटं फिरवायचं नाही.

ते पुढे निघाले, मी गाडीने पॉ पॉला गेलो. पॉ पॉच्या अलीकडे वाट एका बोगद्यातून जाते. त्या बोगद्याआधी किलोमीटरभरात चार लॉक लागोपाठ आहेत: ६२, ६३⅓, ६४⅔ आणि ६६. पाच बांधायचे होते, पैसे वाचवायला चारच बांधले आणि पुढच्या लॉकचे क्रमांक बदलू नयेत म्हणून मधल्यांना अपूर्णांक दिले. ढकलायची जागा ही.

बोगदा ३,११८ फुटांचा. १८३६ मध्ये ठेकेदाराला वाटलं होतं दिवसाला ७-८ फूट खोदू. प्रत्यक्षात आठवड्याला १०-१२ फूट झालं आणि काम १८५० पर्यंत चाललं. आत दिवे नाहीत, वाट अरुंद, एका बाजूला कठडा, खाली पाणी, पायाखाली खड्डे. सायकल ढकलतच न्यायची. हँडलचा दिवा भिंतीवर पडतो, पायाशी नाही, म्हणून डोक्याला बांधायचा दिवा हवा. चौघांत एकाकडेच होता. पार्किंगपासून अर्धा मैल चालत मी वरच्या तोंडाशी तीन दिवे घेऊन गेलो. आतून प्रकाश हलताना दिसला की बाहेर थांबावं, कारण मागे पिशव्या लावलेल्या दोन सायकली आत एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. बोटींचंही तेच व्हायचं. दोन कप्तान आत समोरासमोर अडून बसले आणि शेवटी मक्याच्या ओल्या ताटांचा धूर करून त्यांना बाहेर काढलं, असं सांगतात.

संध्याकाळी चेन पुन्हा तपासली. एक कडी किंचित आखडली होती, दोन्ही बाजूंनी वाकवून मोकळी केली आणि तेलाचा थेंब सोडला. कंबरलँडपर्यंत २८ मैल उरले होते. त्यातला शेवटचा लॉक ७५ नंबरचा. त्याच्यानंतरचे नऊ मैल पूर्ण सपाट.

काकांच्या मुलीने विचारलं, याच गिअरवर पुढे पिट्सबर्गच्या वाटेला लागता येईल का? नको म्हटलं. कंबरलँडनंतर ग्रेट ॲलेगनी पॅसेज, म्हणजे पिट्सबर्गची ती सायकलवाट, २४ मैल सलग चढते, २,३९२ फुटांच्या माथ्यापर्यंत. ती जुन्या रेल्वेची वाट, चढ सौम्य असला तरी थांबत नाही, आणि बसून सतत जोर दिला की ही चेन वरच्या चकतीवर उडी मारणार. आधी कंबरलँडच्या दुकानात तुटलेला हँगर दाखवून तसाच मागवा, आणि दोन मागवा.